कोरं कार्ड मुलांच्या हाती द्या

शाळेत किंवा कॉलेजात रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक घ्यायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘सेटअप पुरवठादार करून देईल, मुलांनी फक्त प्रोग्रामिंग करायचं.’ मुख्याध्यापक हे बोलतात, विभागप्रमुख बोलतात, लॅबला देणगी देणाऱ्या कंपन्यांचे अधिकारी बोलतात. संगणक शिकवणारे शिक्षकही बोलतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. त्यामागचा विचार सरळ मांडायचा तर असा: मेमरी कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं, ती अपडेट करणं, वाय-फाय जोडणं, कीबोर्ड आणि घड्याळ लावणं ही हमालीची कामं आहेत. शिक्षण त्यानंतर सुरू होतं. या कामांत मुलांचे तास घालवले तर पोर्शन मागे पडणार, मुलं कंटाळणार, दोनचार बोर्ड जळणार. त्यापेक्षा सगळं भरलेलं कार्ड घ्या, खोचा, वीज द्या आणि थेट एलईडी लुकलुकवायला लागा.

मला हे मत साफ अमान्य आहे. त्याने मुलांचं नुकसान होतं, शाळेचा पैसा वाया जातो आणि विकत घेतलेलं यंत्र पहिल्या बिघाडापाशी कायमचं थांबतं. किती लॅबच्या कपाटांत हे बोर्ड खोक्यासकट धूळ खात पडले आहेत ते जरा विचारून बघा. ‘कार्ड उडालंय, माणूस यायचाय’ हे उत्तर ऐकायला फार लांब जावं लागणार नाही.

मुळात हा बोर्ड कशासाठी निघाला? केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की संगणकशास्त्राला प्रवेश मागणाऱ्या मुलांची संख्या घटत चालली आहे, आणि जी येतात त्यांनाही यंत्राची आतली ओळख पूर्वीइतकी नसते. १९८०च्या दशकात बीबीसी मायक्रोवर वाढलेल्या ब्रिटिश मुलांना संगणक चालू करताच बेसिकची ओळ समोर दिसायची. काहीतरी टाइप केल्याशिवाय यंत्र पुढे हलतच नसे. नंतर घरोघरी आले ते पीसी आणि गेम खेळायची यंत्रं. त्यांच्या आत हात घालायला मुलांना ना वाट होती ना परवानगी. यावर उपाय म्हणून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा उघडा बोर्ड विक्रीला आला. त्याला खोकं नव्हतं, हार्ड डिस्क नव्हती, आत सिस्टिम नव्हती. किंमत खाली ठेवायची म्हणून हे सगळं गाळलं होतं हे खरं. पण त्यातून एक मोठी सोय झाली. मुलाने कितीही उलटसुलट केलं तरी कार्ड पुसायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. घरच्या संगणकाला, आईवडिलांच्या फायलींना धक्का नाही. चुका करायची मोकळीक त्या बोर्डाच्या रचनेतच आहे.

यंत्राचं बंदपण मोडण्यासाठी काढलेला हा बोर्ड आपण भरलेल्या कार्डाने पुन्हा बंद करतो आणि मुलांसमोर ठेवतो. मग तो घ्यायचाच कशाला? पायथॉनच्या चार ओळी लिहायला शाळेतला जुना पीसी पुरत नव्हता का?

आता वेळेचा मुद्दा घेऊ, कारण सगळ्यांत जोरात तोच मांडला जातो. ‘तासिका आधीच तोकडी, त्यात मुलं कार्ड लिहीत बसली तर शिकणार कधी?’ या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की कार्ड लिहिताना मुलं काही शिकत नाहीत. तिथेच घोडं पेंड खातं.

एकच जागा जवळून बघू. रास्पबेरी पाय ब्रिटनमधला, त्यामुळे त्याच्या सिस्टिममध्ये कीबोर्डची मूळ ठेवण ब्रिटिश असते. आपल्याकडे विकले जाणारे कीबोर्ड बहुतेक अमेरिकी ठेवणीचे. नववीतली मुलगी शिफ्ट धरून २ दाबते. कळीवर ॲटचं चिन्ह छापलेलं आहे, पडद्यावर मात्र दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. शिफ्ट धरून ३ दाबते, तर हॅशऐवजी पौंडाचं चिन्ह येतं. ती म्हणते कीबोर्ड खराब आहे. दुसरा लावते, तेच होतं. मग तिला बोर्डाचा संशय येतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्याही पडद्यावर पौंड दिसतो, तेव्हा तोही संशय फिटतो. थोडी शोधाशोध करून ती मुळाशी पोचते: कळीवर काय छापलंय हे संगणकाला दिसत नाही. कोणती कळ दाबली तिचा क्रमांक तेवढा कीबोर्ड पाठवतो, आणि त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं हे सिस्टिममधला एक तक्ता ठरवतो. तक्ता बदलला की ॲट जागेवर येतं. वर्गात कुणीतरी विचारतंच, की तक्ता बदलता येतो तर मराठीचा का नको? इन्स्क्रिप्टची ठेवण निवडली की त्याच कीबोर्डवर इंग्रजी ‘के’च्या कळीतून ‘क’ उमटतो. छापील पानावरून हे शिकवायला एक धडा लागला असता आणि परीक्षेनंतर तो कुणाच्या लक्षात राहिला नसता.

पुरवठादाराच्या कार्डात हा तक्ता आधीच बदललेला असतो. मुलीला ॲटच्या जागी ॲट मिळतं आणि ती तशीच पुढे जाते. कुणी सांगेल का, यात वाचलेल्या वेळाचं तिने काय केलं?

घड्याळाची गोष्टही अशीच. पाय ५च्या आधीच्या नेहमीच्या मॉडेलांत वीज गेल्यावर वेळ जपणारं घड्याळच नाही. पाय ५मध्ये ते आलं, पण त्यालाही बॅटरी वेगळी जोडावी लागते. बोर्ड चालू झाला की शेवटची नोंदलेली वेळ उचलतो आणि इंटरनेट मिळालं की ती दुरुस्त करून घेतो. आता ज्या गावात रोज लाइट जाते आणि शाळेत इंटरनेट आलं तर आलं, तिथे काय होईल? बोर्डाची तारीख मागे पडते. तारीख मागे पडली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत बोर्डाच्या हिशेबाने अजून सुरूच झालेली नसते. अपडेट करायला जावं तर पॅकेजांची यादी अजून वैध नाही, अशी तक्रार येते. वरवर बघणाऱ्याला वाटतं नेट बंद आहे. सेटअप स्वतः केलेलं मूल आधी तारीख बघतं. मग लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत दोनतीनशे रुपयांच्या आत मिळणारं घड्याळाचं मॉड्यूल चार तारांनी जोडता येतं, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालता येते आणि प्रश्न मिटतो. प्रमाणपत्र म्हणजे काय, त्याला मुदत का असते आणि संगणकाचा विश्वास वेळेवर कसा टेकलेला असतो, हे त्या एका ओळीच्या निमित्ताने कळतं. अभ्यासक्रमात ‘सायबर सुरक्षा’ या मथळ्याखाली आपण याहून वेगळं काय शिकवतो?

वाय-फाय लावतानाही सिस्टिम आधी देश विचारते आणि देश सांगेपर्यंत वाय-फाय बंद ठेवते. का? कारण कोणत्या लहरी कुणी वापरायच्या याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. नागरिकशास्त्र आणि भौतिकशास्त्र एका चौकटीत येतात. ती चौकट पुरवठादाराने आधीच भरून टाकलेली असते.

‘मुलं बिघडवतील’ या आक्षेपावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. बाहेरच्या वस्तू जोडायच्या जीपीआयओ पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांवर ५ व्होल्ट दिले तर चिप जाऊ शकते. तिथे शिक्षकाने शेजारी उभं राहायलाच हवं, एवढं मान्य. पण कार्डावर सिस्टिम टाकताना काय जळणार आहे? फार तर कार्ड पुन्हा लिहावं लागेल. बरं, बोर्ड खरोखर कशाने त्रास देतात ते पाहा. कुणीतरी मोबाइलचा चार्जर आणि बारीक वायर लावतं, पाय ४ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर हवे असतात ते मिळत नाहीत, व्होल्टेज खाली येतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण चमकते. ती खूण काय सांगते हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून बोर्ड मध्येच बंद पडतो आणि खापर मुलांवर फुटतं. कार्डांचंही तसंच. सिस्टिम नीट बंद न करता प्लग उपटला, लिहिणं चालू असताना लाइट गेली, की फायली अर्धवट राहतात. यावर कार्ड फक्त वाचण्यापुरतं उघडायची सोय सिस्टिमच्याच मेनूत दिलेली आहे. तो मेनू ज्याने कधी उघडला नाही त्याला ती सापडणार कशी? मुलांच्या हाताने जेवढे बोर्ड मरतात त्याहून जास्त मोठ्यांच्या अज्ञानाने मरतात, असं माझं ठाम मत आहे.

भरलेल्या कार्डाला लोक सुरक्षितही समजतात. ‘जाणकाराने केलेलं आहे, आपण हात लावला तर गडबड होईल.’ हा समज घातक आहे. पुरवठादार एक कार्ड तयार करतो, ते एकदा चालवून बघतो आणि त्याच्या वीस प्रती काढतो. परिणाम काय होतो? वीसही बोर्डांचं नेटवर्कवरचं नाव एक, पासवर्ड एक. दुरून लॉगिन करताना बोर्डाची ओळख पटवणाऱ्या किल्ल्याही एकच, कारण त्या पहिल्यांदा बूट होताना तयार होतात आणि तो पहिला बूट पुरवठादाराच्या टेबलावर होऊन गेलेला असतो. एका बोर्डाचा पासवर्ड फुटला की वीस फुटले.

ही भीती काल्पनिक नाही. अनेक वर्षं या सिस्टिमचं मूळ वापरकर्तानाव आणि पासवर्ड साऱ्या जगाला पाठ होते. २०१६च्या ऑक्टोबरात मिराय नावाच्या बॉटनेटने कॅमेरे आणि राउटर यांसारखी घरगुती उपकरणं कारखान्यातल्याच पासवर्डांनी ताब्यात घेतली, आणि त्यांच्या जोरावर झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं काही तास कोलमडली. त्याच वर्षाअखेर रास्पबेरी पायच्या सिस्टिमने दुरून लॉगिन करायची सोय मूळ ठेवणीत बंद केली. २०१७मध्ये जुना पासवर्ड तसाच ठेवलेले बोर्ड हुडकून त्यांच्यावर आभासी चलन खणणारं मालवेअर सापडलं. शेवटी एप्रिल २०२२मध्ये तो ठरलेला वापरकर्ताच काढून टाकला गेला. तेव्हापासून पहिल्या बूटला नाव आणि पासवर्ड तुम्हीच ठरवायचे. म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यांनी धडा घेऊन जी पायरी वापरणाऱ्याच्या हाती दिली, नेमकी तीच आपण पुरवठादाराकडे परत सोपवतो.

आणि नासाचं प्रकरण? २०१८मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या नेटवर्कमधली घुसखोरी उघडकीस आली; सुमारे ५०० मेगाबाइट माहिती बाहेर गेली होती. वाट मिळाली ती परवानगीविना जोडलेल्या एका रास्पबेरी पायमधून. नासाच्या महानिरीक्षकांच्या २०१९च्या अहवालात हे नोंदलेलं आहे. नेटवर्कला काय काय जोडलंय याची पक्की यादी त्या संस्थेपाशी नव्हती. आपल्या किती शाळांपाशी आहे? लॅबमधल्या बोर्डावर काय चालतं, कोणते दरवाजे उघडे आहेत, पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे, हे विचारल्यावर ‘पुरवठादाराला माहीत’ असं उत्तर येत असेल तर ते यंत्र शाळेचं कसं?

भरलेलं कार्ड शिळंही होतं. २०१९ साली तयार केलेलं कार्ड आजच्या पाय ५मध्ये खोचलं तर ते चालणारच नाही. त्या बोर्डाला २०२३च्या ऑक्टोबरात आलेली सिस्टिमची बुकवर्म आवृत्ती किंवा तिच्या पुढची लागते. नवा बोर्ड आणला, जुनं कार्ड लावलं, सिस्टिम सुरूच होत नाही. अशा वेळी बोर्डावरचा हिरवा दिवा बोलत असतो. चारदा लुकलुकला तर सुरुवातीची एक फाइल सापडत नाही, सातदा लुकलुकला तर सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल सापडत नाही. ज्याने कार्ड स्वतः लिहिलं आहे, त्याला कार्डावर दोन विभाग असतात हे माहीत असतं. त्यातला लहान विभाग विंडोजला वाचता येतो, मोठा येत नाही, म्हणूनच कार्ड लॅपटॉपला लावलं की विंडोज ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारतं, आणि तिथे ‘हो’ म्हणायचं नसतं. भरलेल्या कार्डांवर विसंबलेल्या लॅबमध्ये तिथे ‘हो’ म्हटलं जातं. मग महिनाभर माणसाची वाट बघितली जाते.

यावर एक ठरलेला सवाल येतो: गाडी चालवणाऱ्याला इंजिन खोलता यायला हवं का? नसेल यायला हवं. पण गाडीसाठी नाक्यानाक्यावर मेकॅनिक आहे. तालुक्याच्या गावी या बोर्डावरच्या लिनक्सची दुरुस्ती करणारं दुकान तुम्ही पाहिलंय? शिवाय या मुलांना आपण नुसतं चालक व्हायला लॅबमध्ये पाठवत नाही. सरकारने त्या लॅबला नावच टिंकरिंग लॅब दिलं आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी या लॅब उभारायला सुरुवात केली, निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिलं, आणि २०२५च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. हा सगळा खर्च मुलांनी वस्तू खोलाव्यात, जोडाव्यात, बिघडवाव्यात आणि नीट कराव्यात म्हणून आहे. त्यातला खोलण्याजोडण्याचा भाग कंत्राटाने देऊन टाकायचा आणि मुलांना तयार प्रकल्प प्रदर्शनात मांडायला उभं करायचं, हा त्या पैशाचा गैरवापर आहे. हिशेबात तो दिसत नाही, एवढंच.

अलीकडे नवा आक्षेप आला आहे. ‘आता एआयला विचारलं की तो कमांड देतो. पाठ करायचं कशाला?’ पाठ करा असं कुणी म्हणतच नाही. पण मिळालेली कमांड बरोबर की चूक हे कोण ठरवणार? बुकवर्म आल्यावर या सिस्टिममध्ये बरंच काही हललं. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एका फाइलमध्ये लिहून ती बूट विभागात ठेवायची जुनी युक्ती चालेनाशी झाली, कारण नेटवर्क सांभाळायचं काम नेटवर्क मॅनेजरकडे गेलं. कॉन्फिग फाइलची जागा बदलली. पायथॉनची पॅकेजं थेट सिस्टिमवर टाकायला गेलं की नकार मिळू लागला. पाय ५मध्ये पिना सांभाळणारी चिपच वेगळी असल्याने वर्षानुवर्षं पुस्तकांत छापली गेलेली आरपीआय-जीपीआयओ ही लायब्ररी त्यावर चालत नाही. इतक्या वर्षांची जुनी माहिती जगभर पसरलेली आहे आणि एआय तीच वाचून शिकलेला आहे. तो पूर्ण आत्मविश्वासाने २०१८ची कमांड देतो. ती चालली नाही की मूल दुसरी मागतं, मग तिसरी, आणि प्रत्येक फसलेली कमांड सिस्टिममध्ये काहीतरी मागे ठेवून जाते. ज्याने सेटअप केलं आहे तो पडद्यावरचा नकार आधी वाचतो. पायथॉनच्या त्या नकारातच लिहिलेलं असतं की आधी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि पॅकेज तिथे टाका. पडद्यावरचं वाक्य शांतपणे पूर्ण वाचायची सवय एआय लावून देत नाही. ती हाताने काम करूनच लागते, आणि ती लागल्यावर एआयही खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

आता ज्या आक्षेपाचा मला मनापासून राग येतो तो. ‘मराठी माध्यमाच्या मुलांना हे झेपणार नाही. काळा पडदा, इंग्रजी कमांड, सगळं अवघड.’ हे म्हणणारे स्वतःला मुलांचे कैवारी समजतात. कमांडमधले इंग्रजी शब्द असतात किती? अपडेट, इन्स्टॉल, रीबूट, कॉपी: रिचार्ज आणि डाउनलोड रोज बोलणाऱ्या मुलाला यातला कोणता शब्द अडणार आहे? अडचण येते ती खुलासा मराठीत न मिळाल्याने. त्यासाठीही वाटा आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्ससारख्या विषयांचे छोटे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत. पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन दिसत असतील तर लोहित या मुक्त फॉन्टचं पॅकेज एका ओळीत बसतं, आणि त्यात मराठीसाठीचं वेगळं पॅकेजही आहे. चौकोनांच्या जागी अक्षरं उमटलेली मुलांनी स्वतः बघायला हवीत. संगणकात मराठी येते ती कुणीतरी फॉन्ट घडवतं, कुणीतरी ठेवण लिहितं, कुणीतरी पॅकेज सांभाळतं म्हणून, हे त्यांना तेव्हा कळतं. त्यांतलं कुणी पुढे ते काम हाती घेईल. तयार कार्डावर मराठी आधीच बसवलेली असेल किंवा नसेल. दोन्ही वेळा मुलाच्या हाती काही नाही.

केरळकडे बघा. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, आणि २०१८मध्ये सुरू झालेल्या ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी मंडळांत मुलं हार्डवेअर, इलेक्ट्रॉनिक्स आणि मल्याळम संगणन शिकतात. मातृभाषा आणि यंत्राचा अंतर्भाग यांत त्यांना कधी भांडण दिसलं नाही. आपल्याला का दिसावं?

नोकरीचंही बोललं जातं. ‘कार्ड लिहिता आलं म्हणून कोण नोकरी देणार?’ जगभरचे सर्व्हर मोठ्या संख्येने लिनक्सवर चालतात. रास्पबेरी पायची सिस्टिम डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर उभी आहे, आणि डेबियन अनेक सर्व्हरांचाही पाया आहे. वापरकर्ता बनवणं, परवानग्या देणं, सेवा चालू-बंद करणं, लॉग वाचणं हे दोन्हीकडे त्याच कमांडांनी होतं. कंपन्या पदवीधरांना हेच पुन्हा पहिल्यापासून शिकवतात आणि आपल्या पोरांना काहीच येत नाही म्हणून ओरडतात. नववीत शिकता येणारी गोष्ट बाविसाव्या वर्षापर्यंत लांबवायची, तीही मुलांच्या सोयीच्या नावाखाली?

एक सूचना मात्र मी मान्य करतो. बोर्ड आता पूर्वीइतका स्वस्त उरलेला नाही. मॉनिटर, चार्जर, कार्ड धरून बेरीज केली तर जुना वापरलेला पीसी परवडू शकतो. चालेल. त्या पीसीवर डेबियन टाका, पण मुलांच्या हाताने टाका. माझा आग्रह बोर्डाचा नाही, हाताचा आहे.

कारण शाळेला जे यंत्र खरोखर उपयोगी पडतं ते सांभाळायला शाळेचाच माणूस लागतो. इंटरनेट नसलेल्या गावात एका रास्पबेरी पायवर किविक्स टाकून मराठी विकिपीडिया, कोलिब्री टाकून धडे आणि व्हिडिओ, आणि तोच बोर्ड वाय-फाय हॉटस्पॉट करून ते सगळं वर्गातल्या मोबाइलवर पोचवता येतं. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जगात अनेक ठिकाणी ते वापरात आहे. असा बोर्ड देणगीत मिळाला, उद्घाटन झालं, फोटो छापून आला. पुढच्या पावसाळ्यात कार्ड उडालं तर? सेटअप केलेल्या दोन मुली शाळेत असतील तर नवं कार्ड लिहून दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू होईल. नसतील तर तो बोर्ड कपाटात जाईल आणि पुढच्या वर्षी नव्या देणगीचा अर्ज लिहिला जाईल. यांतलं आपल्याला काय हवंय?

तेव्हा मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे. पुढच्या खरेदीची ऑर्डर काढाल तेव्हा त्यात ‘सॉफ्टवेअरसह’ हा शब्द लिहू नका. कार्डं कोरी मागवा. बोर्डाला लागतो तोच चार्जर मागवा आणि एक जास्तीचा घ्या. पुरवठादाराला सांगा की माणूस पाठवायचाच असेल तर त्याने एक दिवस मुलांच्या मागे उभं राहावं, कीबोर्डला हात लावू नये. प्रत्येक बोर्डाचं नाव, तो कुणी बसवला आणि कधी अपडेट झाला याची वही मुलांकडे ठेवा; पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू देऊ नका. आणि कपाटाची किल्ली नववीच्या वर्गाकडे द्या. कपाटात पडून असलेले बोर्ड याच आठवड्यात बाहेर काढता येतील. त्यासाठी नवीन अनुदान लागत नाही.